माजावरची घोडी

निजामाचं राज्य होतं, मी बारा वर्षांचा होतो. भोकरला आमची घोडी चंद्री चैत्रात माजावर आली आणि मला पाठीवर बसू देईना. वडिलांनी हदगावहून घोड्यांची निगा राखणारा एक म्हातारा मोतद्दार बोलावला. तिच्या मानेला कान लावून तो बराच वेळ उभा राही, मगच खोगीर चढवी.

"छोटे मालक, ह्या दिसांत हिला नावानं हाक मारू नका," तो म्हणाला. "ही ऐकत न्हाई. दुसरंच कुणी ऐकून राहिलंय."

मी त्याचं नाव विचारलं.

"मिरगाचा पाऊस पडल्यावर सांगतो."

एका दुपारी माळावर घोडी अडली. सवयीनं तोंडून निघून गेलं, "चंद्री!"

ती माझ्याखाली दगडासारखी उभी राहिली, आणि रिकाम्या माळावर मागून टापा जवळ येऊ लागल्या.

पुढं मिरगाचा पाऊस पडला. दुसरंच कुणी ऐकेल म्हणून मोतद्दाराला त्याचं नाव मात्र मी विचारलं नाही.