फ्राऊ थोंग सही करत नाहीत

हॅम्बर्गमध्ये, एल्बे नदीच्या दक्षिणेला, एक मोठी लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, जहाजांवरचे टॉवेल, इस्पितळांचे गाऊन, सगळं तिथं धुवायला येतं. थोंग शूछिन तिथं एकवीस वर्षं कामाला आहेत. वय त्रेसष्ट, बांधा लहानखुरा, केस कानाच्या पाळीपाशी सरळ कापलेले. लाँड्रीत पोलिश, अफगाण, घानाचे, आपल्याकडचे, असे सगळे लोक; सगळे त्यांना फ्राऊ थोंग, म्हणजे थोंगबाई, म्हणतात. बाई एकेकाळी चीनच्या सैन्यात अधिकारी होत्या हे बहुतेकांच्या कानावर होतं, पण कसल्या अधिकारी, हे कुणी विचारलं नव्हतं. मीनलनं विचारलं.

मीनल नाशिकची. इथं टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होती आणि आठवड्याला वीस तास लाँड्रीत काम. एका दुपारी दोघी डबा खात बसल्या होत्या.

"तुम्ही बंदूक चालवायचात?" तिनं मोडक्या जर्मनमध्ये विचारलं.

"शिकले होते. पण माझं काम माणसांचं होतं," थोंगबाई म्हणाल्या आणि मग, का कोण जाणे, सांगत गेल्या.

चीनच्या सैन्यात प्रत्येक तुकडीला दोन प्रमुख. एक कवायत आणि लढाई बघणारा, दुसरा राजकीय अधिकारी. सैनिकांना पक्षाची धोरणं शिकवायची, त्यांचं मन कुठं भरकटतंय यावर नजर ठेवायची, आणि प्रत्येकाच्या फाइलमध्ये शेरा लिहायचा. ती फाइल माणसाच्या मागून जन्मभर जाते. नोकरी, बढती, घर, सगळं तिच्यावर. सतराव्या वर्षी सैन्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून आलेली खाणकामगाराची ही मुलगी चोविसाव्या वर्षी ब्याऐंशी मुलींच्या तुकडीची राजकीय अधिकारी झाली. कुणाची आई आजारी आहे, कोण रात्रपाळीत रडते, कुणाला घरून पत्र आलेलं नाही, तिला सगळं ठाऊक असायचं. वर्गात भाषण देण्यापेक्षा तिला हे काम आवडायचं.

पहिल्याच वर्षी दोन मुली दुसऱ्या तुकडीतल्या जवानांशी पत्रव्यवहार करताना सापडल्या. नियमात ते बसत नव्हतं. थोंगबाईंनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: वर्तन सैल. दोघींना सैन्यातून काढून घरी पाठवलं. वर्षभरानं रजेवर जाताना एका स्टेशनबाहेर त्यांतली एक भाजी विकताना दिसली. तिनं ओळखलं.

"कारखान्यात नोकरी मागायला गेले होते," ती म्हणाली. "तिथल्या कारकुनानं मला माझी फाइल वाचून दाखवली. तुमचं अक्षर फार छान आहे."

तिनं आवाज चढवला नाही की काही नाही. कोबी तोलत राहिली. थोंगबाईंची गाडी त्यांना न घेताच सुटली; त्या स्टेशनच्या पायरीवरच बसून होत्या.

पुढच्याच हिवाळ्यात एका एकोणीस वर्षांच्या ऑपरेटरनं रेजिमेंटच्या उपप्रमुखाविरुद्ध तक्रार केली. फाइली तपासायच्या निमित्तानं त्यानं तिला खोलीवर बोलावलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. थोंगबाईंना त्यांच्या वरिष्ठांनी, रेजिमेंटच्या कमिसारनं म्हणजे मुख्य राजकीय अधिकाऱ्यानं, बोलावून घेतलं.

"थोंग, मुलीचं वर्तन ठीक नाही असा शेरा लिही. तिला घरी पाठवू. विषय संपेल."

"तिनं तक्रार केली, एवढं मला माहीत आहे. तेवढंच लिहीन."

"पक्षाची शिस्त सांभाळणं हे तुझं काम आहे."

"मग ज्यानं शिस्त मोडली त्याची फाइल आणा. त्यात लिहिते."

त्यांनी मुलीची तक्रार जशीच्या तशी नोंदवली आणि वरच्या कार्यालयात पाठवून दिली. उपप्रमुखाला काहीही झालं नाही. मुलीला घरी पाठवलंच, पण फाइलमध्ये वाईट शेरा नव्हता, म्हणून गावाकडं तिला टेलिफोन कार्यालयात नोकरी लागली. थोंगबाईंची बदली एका गोदामावर झाली. तीन वर्षं तिथं ब्लँकेटं मोजली आणि मग सैन्य सोडलं.

"पश्चात्ताप?" मीनलनं विचारलं.

"आहे ना. त्या आधीच्या दोघींचा."

नवऱ्याला हॅम्बर्गच्या एका चिनी रेस्टॉरंटमध्ये आचाऱ्याचं काम मिळालं म्हणून त्या जर्मनीत आल्या. तो वारल्यावरही इथंच राहिल्या. भाषा शिकल्या ती कामगार कायद्याचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत. नऊ वर्षांपूर्वी लोकांनी त्यांना बेट्रीब्सराटवर, म्हणजे कामगारांच्या समितीवर, निवडून दिलं. पाच जणांची समिती, थोंगबाई प्रमुख.

त्या गप्पांनंतर महिनाभरात मीनलचा हात भाजला. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर, हात आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली पट्टी ढिली झाली होती. मीनलनं अपघाताची रीतसर नोंद केली. आठवड्यानं व्यवस्थापक लोरेन्झेन यांचं पत्र समितीकडं आलं: मीनलनं ती पट्टी स्वतःच काढली होती, म्हणून तिला कामावरून कमी करायचं आहे. इथं कुणालाही काढण्याआधी समितीचं मत घ्यावं लागतं; ते मानायची कंपनीवर सक्ती नसते, पण कोर्टात ते उपयोगी पडतं. त्यासाठी एक आठवडा होता.

लोरेन्झेननी थोंगबाईंना केबिनमध्ये बोलावलं. कागद तयारच होता.

"'हरकत नाही' एवढ्यावर सही करा. मुलगी स्टुडंट आहे, दुसरीकडं काम मिळेल तिला."

"पट्टी तिनं काढली हे कुणी पाहिलं?"

"फ्राऊ थोंग, तुमच्या पेन्शनला साडेतीन वर्षं उरलीत. ती सुखात जावीत असं मला वाटतं."

"साडेतीन वर्षं पुष्कळ झाली," थोंगबाई म्हणाल्या. "तेवढ्यात मी खूप त्रास देऊ शकते." कागद तिथंच ठेवून त्या बाहेर पडल्या.

दुरुस्तीच्या वहीत ढिल्या पट्टीच्या तीन नोंदी होत्या, सगळ्या अपघाताच्या आधीच्या. दोन थोंगबाईंच्या. तिसरी समितीतल्याच डोरोटाची, पण खाली नाव नव्हतं. डोरोटाचा नवरा याच कंपनीत ड्रायव्हर. समितीत दोघं व्यवस्थापकाच्या बाजूचे, एक थोंगबाईंच्या. सगळं डोरोटावर अडलं होतं. थोंगबाईंनी तिला कायदा ऐकवला नाही. तीन दिवस रोज तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घातल्या, मुलाच्या दम्याची चौकशी केली, नवऱ्याची बदली झालीच तर काय करता येईल ते शोधून ठेवलं.

"ते अक्षर माझं आहे हे कुणाला कळणार?" चौथ्या दिवशी डोरोटाच म्हणाली.

"मला कळतं. तुलाही."

मतदानात डोरोटाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला. तीन विरुद्ध दोन. वहीच्या प्रती जोडून समितीची हरकत कंपनीकडं गेली.

कंपनीनं तरीही मीनलला काढलंच. मीनल कामगार न्यायालयात गेली. पहिल्याच सुनावणीत न्यायाधीशबाईंनी वहीतल्या तारखा वाचल्या आणि कंपनीच्या वकिलाकडं नुसतं पाहिलं. दहा मिनिटांत नोटीस मागं घेतली गेली. नवी पट्टी त्याच आठवड्यात बसली.

थोंगबाईंना मात्र मळक्या विभागात टाकलं. इस्पितळांचे रक्ताळलेले, ओले कपडे वेगळे करायचं काम; खिडकी नाही, वास केसांत बसतो. मीनलला ते सहन होईना.

"माझ्यामुळं झालं हे. तुम्ही भांडत का नाही?"

"अगं, भांडते आहे की," थोंगबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "तिथल्या सात जणींना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं की समिती निवडताना त्यांनाही मत देता येतं."

पुढच्या वसंतात समितीची निवडणूक लागली. उमेदवारांची यादी निवडणूक मंडळाकडं द्यायला थोंगबाई स्वतः गेल्या. पहिलं नाव त्यांचं, दुसरं डोरोटाचं, मग मीनलचं, आणि त्याखाली मळक्या विभागातल्या चौघीजणी.