यष्टीतला तिसरा अंक

सांगलीत रविवारी दुपारी नाटक असलं की मी दोन्ही पोरांना घेऊन कुंडलहून निघायचे. तिकीट अगदी मागच्या रांगेतलं, धाकटा मांडीवर घेतला की फुकट, आणि मध्यंतरात खायला घरचे भाजलेले शेंगदाणे. बाहेरून वड्यांचा वास आला की धाकट्याचं तोंड तिकडं वळायचं. मी ते धरून पुन्हा पडद्याकडं वळवायचे. पोरांना नाटक दाखवत जा, असं ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं. हे फौजेत. रजेवर आले की आधी नाटकांच्या जाहिराती बघायचे आणि मग ऊस.

अडचण एकच होती. दुसरा अंक संपायला आणि कुंडलची शेवटची यष्टी सुटायला एकच गाठ पडायची. थोरली तेव्हा तिसरीत होती. पाटीवरचं ‘तीन अंकी नाटक’ वाचून तिला वाटलं, शंभराच्या पुढचं काहीतरी गणित असणार. ते मी समजावून दिलं, तर तिनं नवीनच समजूत करून घेतली: दोन अंक नाटकवाले करतात आणि तिसरा आईनं यष्टीत सांगायचा असतो. मी सांगायचेही. मला तरी कुठं ठाऊक असायचा? भांडलेले भाऊ मी एका ताटात जेवायला बसवायचे, हरवलेली माणसं शोधून आणायचे, मरू मात्र कुणालाच द्यायची नाही. पुढच्या बाकावरचे लोकसुद्धा मान वळवून ऐकायचे.

बांगलादेशच्या लढाईआधीचे ते महिने होते. फौजेतल्या सगळ्यांच्या रजा बंद झाल्याचं गावात कळलं होतं. थोरली रोज विचारायची, आबा कवा येनार? मी रोज सांगायचे, दिवाळीला. तेवढं बोलून मी चुलीकडं वळायचे, कारण माझं तोंड मला लपवता येत नाही.

त्याच सुमाराला सांगलीत एक नाटक बघितलं. नवरा बोटीवर कामाला गेलेला, बायको त्याची वाट बघतेय. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दारावर थाप पडते, ती कडी काढायला धावते आणि पडदा. यष्टीत मी त्या माणसाला घरात आणलं, ओवाळलं आणि पाटावर बसवून जेवू घातलं. थोरली समाधानानं झोपून गेली.

पुढं गणपतीत आम्ही साताऱ्याला माझ्या भावाकडं गेलो, तर तिथं तेच नाटक लागलेलं. भावाचं घर चालत जाण्याइतकं जवळ, यष्टीची घाई नाही. तो माणूस घरात येतो ते मला बघायचं हाय, म्हणून पोरीनं हट्टच धरला. मला नको म्हणायला कारण सुचेना.

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. दार उघडलं. दारात नवऱ्याचा सोबती उभा होता, आणि त्याच्या हातात नवऱ्याची ट्रंक. नाटक लिहिणाऱ्याचा मला असा राग आला की उठून जाऊन त्याला जाब विचारावासा वाटला. धाकटा शेंगदाणे खात होता. थोरली शेवटपर्यंत हलली नाही.

बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. ती थोडं चालली आणि थांबली.

“आई, यष्टीत तू सांगितलंस ते तुझ्या मनानंच हुतं?”

“व्हय.”

“आनि आबा दिवाळीला येनार म्हंतीस, ते?”

अजून एक तिसरा अंक रचणं मला काही जड नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि तिथं वळायला चूल नव्हती.

“रजा बंद झाल्यात बाळा,” मी म्हटलं. “कवा येतील मला बी ठाव न्हाई.”

ती रडेल म्हणून मी हात पुढं केला. तिनं तो धरला आणि विचारलं,

“मग तू एकटीच भीत हुतीस व्हय?”

भर रस्त्यात तोंडाला पदर लावून मी रडले, आणि धाकटा घाबरून मला शेंगदाणे देऊ लागला. हे पुढच्या उन्हाळ्यात सुखरूप घरी आले. तोवर आम्ही दोघींनी मिळून वाट बघितली.