तुळसाआत्याने गडू हिसकावला

तुळसाआत्या म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. तिच्या तोंडी लागायची गावच्या पाटलाचीही छाती नव्हती. आजोबांच्या आधीची तीन भावंडं दगावली, म्हणून त्यांना यमाची नजर चुकवायला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं. नावही उकंडराव पडलं. तिथून त्यांना उचलून घरात आणलं ते आठ वर्षांच्या तुळसाआत्याने.

सदतीस साली आमच्या गावी, अनसिंगात, आजोबांना लकवा झाला. डावं अंग गेलं. लुळ्या गालात भाकरीचे कण साचत, वर तंबाखूही. आजाऱ्याला पाणी लावू नये म्हणून घरात कोणी त्यांना साधी चूळ भरू देईना. महिन्याभरात तोंडाला घाण मारू लागली, मग ताप चढला, छाती घरघरायला लागली. वैद्याने नाडी पाहिली, काढा दिला. तोंडात मात्र डोकावला नाही. वा रे शहाणा!

चौथ्या दिवशी वैद्याने मान हलवली. माझ्या वडिलांनी, जगदेवरावांनी, रीतीप्रमाणे बापाला भुईवर घ्यायला घोंगडी अंथरली. गंगाजळाचा गडू आणि तुळशीचं पान आणलं. तेवढ्यात निरोप मिळालेली आत्या सासरहून बैलगाडीने येऊन पोचली. तिने आधी भावाचा जबडा उघडून आत पाहिलं. मग वडिलांच्या हातातला गडू हिसकावला.

"विहिरीच्या मोटंत घाण, तं मोट रिकामी होते त्या थारोळ्यात घाणच पडन. तोंडातलं हे सारं त्याच्या छातीत उतरून राह्यलं, अन् तुमी निजल्या माणसाच्या तोंडात आणखी पाणी ओतता?"

वडील रडकुंडीला आले. गंगाजळाविना बाप गेला तर गाव तोंडात शेण घालेल, असं म्हणाले.

"उकिरड्यावरून याले म्या उचललं," आत्या म्हणाली. "भुईवर कवा ठेवाचं, ते म्या सांगीन."

तिने आजोबांना सरकीच्या पोत्याला टेकवून बसवलं. बोटाला फडकं गुंडाळून, मिठाच्या पाण्यात बुडवून गालातली घाण काढली. आजोबा तिचं बोट कडाडून चावले. आत्या खूश झाली; चावतो म्हणजे जिवंत आहे. मग रोज तीनदा तोंड पुसायचं, बसवूनच घोट घोट आंबील पाजायची. तंबाखूची पिशवी तिने चुलीत घातली.

सहाव्या दिवशी ताप उतरला. वैद्य म्हणाला, माझा काढा लागू पडला. म्हणो बापडा. काढा काय आधीही चालूच होता. आत्या सासरी परत गेलीच नाही, आणि पुढचे चार हिवाळे आजोबांची छाती एकदाही घरघरली नाही.

एक्केचाळीस साली त्यांना लकव्याचा दुसरा झटका आला. दुपारपर्यंत श्वास मंदावला. वडील गडू घेऊन दाराशी आले आणि तिथेच थांबले, आत्याकडे बघत. आत्याने नेहमीसारखं फडकं भिजवलं, भावाचं तोंड आतून बाहेरून स्वच्छ पुसलं, गंगाजळाने नुसते ओठ ओले केले. मग त्याच्या काखेत हात घालून म्हणाली, "जगदेवा, पाय धर. आता ठेवू."