क्रेनवरची जागा

याकूब सारंग दुबईच्या खाडीवर एका इंग्रज कंपनीत क्रेन चालवायचा. पूर्वी तो फौजेत होता, त्यामुळे पासष्टच्या लढाईत त्याला परत बोलावणं आलं. मॅनेजरनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "खुशाल जा. तुझी जागा तुझीच राहील."

पुढच्या वर्षी याकूब परतला, तर क्रेनवर मॅनेजरच्या मर्जीतला माणूस बसलेला. याकूबला गोदामाची राखणदारी देऊ केली.

"साहेब, महायुद्धावरून परतलात तेव्हा कायद्यानं तुमची नोकरी तुम्हाला परत मिळाली, असं तुम्हीच सांगायचात," याकूब म्हणाला.

"तो कायदा इंग्लंडचा," साहेब हसला. "इथे तसलं काही नाही. चहा घेणार?"

त्या हसण्याची याकूबला शिसारी आली. चहाला हात न लावता तो उठला.

बाहेर त्याचा गाववाला लियाकत समजावू लागला, "राखणदारी तरी घे. घरी हलिमा आहे, पोरं आहेत."

"हमाली करीन, पण ह्या माणसाला सलाम नाही करणार."

आठवड्यात तो एका अरब व्यापाऱ्याच्या लाँचवर खलाशी म्हणून लागला. कंपनीचा धक्का आला की तो तोंड फिरवून पाण्यात थुंकायचा.