समोरची ओळ

शकू गेल्याचा निरोप राजुऱ्याला माझ्या शाळेत आला, तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "बाई, सावलीहून मानूस आला. शकुंतलाबाई गेल्या म्हणते." मलेरिया डोक्यात चढला होता. दवाखान्यात आधी डॉक्टर नव्हता, मग डॉक्टर आला तर चंद्रपूरला न्यायला गाडी नव्हती. गाडी आली तेव्हा तिची गरज उरली नव्हती... या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडून झालं. आता उरला आहे तो राग, आणि तो नुसत्या दवाखान्यावरचा नाही.

चंद्रपूरच्या ज्या कॉलेजात ती तासावर फ्रेंच शिकवायची, तिथे शोकसभा झाली. एक मोठे गृहस्थ भाषणात म्हणाले, "जंगलभागातल्या या मुलीनं कोणाच्याही मदतीशिवाय, एकटीनं, फ्रेंचसारखी भाषा आत्मसात केली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! पहिल्या रांगेत शकूची आई, गयामाय, पदर तोंडाला लावून बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणते वं तो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "एकटीनं? मंग आमी कुठी होतो?"

आम्ही कुठे होतो ते आता मी लिहिते.

आम्ही सावलीच्या बौद्ध मोहल्ल्यात होतो. शकूचं घर माझ्या घराला लागून, मधली भिंत एकच. तिचा बाप ती लहान असतानाच गेला. जमीन नव्हती. गयामाय पावसाळ्यात लोकांच्या बांधीत, म्हणजे खाचरात, धानाच्या रोवणीला जायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला. घरात सकाळी पेज आणि संध्याकाळी लाखोळीची डाळ, तीही असली तर. पावसाळाभर चिखलात उभं राहून मायलेकींच्या पायाच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, त्यावर मेंदीचा पाला वाटून लावायचा. शकूचे पाय ऑक्टोबरपर्यंत लाल असायचे. शाळेत मुली चिडवायच्या, "काऊन वं, दर सालीच लगन लागते का तुह्यं?" शकू म्हणायची, "हो. चिखलासंगं लागते. तू ये वऱ्हाडात."

फ्रेंच कुठून आलं, हे मला अजून विचारतात. सरळ सांगते. शाळेत संस्कृतच्या मास्तरांनी तिला वर्गात उभं करून सांगितलं होतं, तुमच्या लोकांच्या जिभेला हे उच्चार जमायचे नाहीत, तू दुसरं काही घे.  पुढे चंद्रपूरला आम्ही बी.ए.ला नाव घालायला गेलो, तेव्हा दुसऱ्या भाषेच्या रकान्यात संस्कृत, पाली, फ्रेंच असं काय काय होतं. मी पाली घेतलं. तिनं खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "भाऊ, हे फ्रेंच कोनाचं हाय?" तो हसला. "कोणाचं म्हणजे? फ्रान्सवाल्यांचं." "इथल्या कोनाचं नाई ना?" "नाही बा." "मंग लिहा. इथी कोनाच्या बापाचं नाई, तं माह्यं होऊ शकते."

शिकवायला एक मॅडम होत्या, पाँडिचेरीच्या, एका इंजिनिअरच्या पत्नी. त्यांचं मराठी वर्गातल्या पोरींच्या फ्रेंचएवढंच होतं, त्यामुळे कोणी कोणाला हसायचं नाही. त्यांनी शकूला दोन वर्षं जीव लावून शिकवलं. शेवटच्या वर्षी नवऱ्याची बदली झाली आणि त्या गेल्या. कॉलेजनं दुसरं कोणी आणलं नाही. पुस्तकाचा शेवटचा भाग शिकायचा राहिला होता. त्यात तो काळ होता, पुढे कधीतरी काम झालेलं असेल असं सांगणारा... मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहा रूपं, प्रत्येक क्रियापदाची. तोंडी परीक्षेत हेच विचारतात, असं मॅडम जाताना सांगून गेल्या होत्या. फ्रेंच राहिलं की बी.ए. राहिलं. शकूला हे पाठ होईना. त्या वर्षी परीक्षा लांबत लांबत पावसाळ्यात गेल्या होत्या, आणि पावसाळ्यात तिला पुस्तक घेऊन बसायची सोय नव्हती. रोवणी होती.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधीत बाया दोन ओळींनी वाकतात, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी. एक ओळ गाणं उचलते, समोरची ओळ झेलते. उचलणारीनं आपली ओळ म्हणायची, मान वर करायची आणि थांबायचं. समोरचीचं आपण म्हणायचं नाही. म्हटलं तर तो तिचा अपमान, म्हणजे 'तू थकली, घरी जा' असं सांगणं. यावरून आमच्याकडे बाया दोन-दोन दिवस अबोला धरतात.

शकूनं एके दिवशी गाण्याच्या चालीवर उचललं, "झोरे प्लाँते..." सगळ्या बाया वाकल्याच्या वाकल्या थांबल्या. एकीनं विचारलं, "हे काय वं, मंतर मारून राह्यली का?" शकू म्हणाली, "मावशी, फ्रेंच हाय. म्हंजे, दिवस बुडेपर्यंत म्या रोवून टाकलेलं राहीन." मावशी म्हणाली, "मंग तं फ्रेंचमधीच रोव बाई. आमी जातो घरी." बांधी हसून हसून वेडी झाली. पण समोरच्या ओळीत मी होते. मला तिनं आदल्या रात्री शिकवून ठेवलं होतं. मी झेललं, "त्यू ओरा प्लाँते." तिनं पुन्हा उचललं, "इल ओरा प्लाँते." मी, "नूझोरों प्लाँते." चार-पाच दिवसांत अख्खी ओळ झेलायला लागली. उच्चार चुकला की गयामायच ओरडायची, "अवं नाकातून, नाकातून!" रोवण्याचं क्रियापद झालं, मग संपवण्याचं, खाण्याचं, जाण्याचं. रोवणी संपेपर्यंत शकूला तो काळ असा पाठ झाला की झोपेतून उठवून विचारावं.

तोंडी परीक्षा नागपूरला होती. मी सोबत गेले, दाराबाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. परीक्षकांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. चपलेतून मेंदीची लाल बोटं दिसत होती. "लग्न ठरलेलं दिसतंय," ते म्हणाले. मग तिच्याच आवडीचं क्रियापद त्या काळात चालवायला सांगितलं. शकू म्हणाली, "झोरे प्लाँते." स्वच्छ, नाकातून. आणि मान वर करून थांबली.

ती थांबली! समोरच्याचं आपण म्हणायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. समोर परीक्षक बसले होते, म्हणून तिनं त्यांना मान दिला. मला बाहेर बसून कळलं. माझ्या तोंडात ते शब्द येऊन उभे राहिले, पण आत ओरडायचं कसं? परीक्षक म्हणाले, "पुढे?" ती गोंधळली. तिनं पहिलंच पुन्हा म्हटलं आणि पुन्हा थांबली. ते शेजारच्या दुसऱ्या परीक्षकांना म्हणाले, "रोपं लावायचं क्रियापद निवडलंय. एकच ओळ येते. लावू द्या तिकडेच जाऊन." दोघंही हसले.

निकाल आला. मी पास, शकू फ्रेंचमध्ये नापास. विहारात आधीच दोघींचा सत्कार ठरला होता, मी एकटी गेले नाही. लोक म्हणाले, कुसुमला पदवीचा गर्व झाला. झाला होता, अजूनही आहे. पण त्या दिवशी गर्वापायी नव्हते थांबले.

पुढच्या पावसाळ्यात शकू बांधीच्या कोपऱ्यात वेगळी रोवायला लागली. स्वतःच उचलायची, स्वतःच झेलायची. सहाही रूपं एका दमात, मान खाली घालून. बायांना ते झोंबलं. "आमी थकलो का वं, शकू?" एकीनं विचारलं. शकू रडली, पण थांबली नाही. गयामायनं बायांना सांगितलं, "म्हनू द्या. तिकडं झेलाले कोनी नाई." दुसऱ्या खेपेला तेच परीक्षक होते. शकूनं सहा रूपं धाडधाड सांगितली, मध्ये श्वासही घेतला नाही. ते म्हणाले, "ठीक."

ठीक! म्हणजे तिला ओळीतून तुम्ही बाहेर काढलं. एकटीनं बोलल्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून ती एकटी बोलायला शिकली. आणि आज ती मेल्यावर तुम्हीच सांगता, एकटीनं शिकली. टाळ्या घेता. एक तरी माणूस सावलीला येऊन विचारून गेला का, की ही पोर कोणाच्या तोंडानं शिकली?

परवा रविवारी मी सावलीला गेले. रोवणी चालू आहे. गयामाय कामावर आली होती. घरात बसून काय करू, म्हणाली. मी लुगडं खोचलं आणि समोरच्या ओळीत उतरले. बऱ्याच वर्षांनी, पाय चिखलाला विसरले होते. बायांचं काही गाणं चाललं नव्हतं, नुसता पऱ्हे खोचण्याचा आवाज. मग गयामायनं, न सांगता, न बघता, उचललं, "झोरे प्लाँते..." आवाज फाटका, पण नाकातून. तिनं मान वर केली आणि थांबली.

मी झेललं. माझ्यामागून सगळ्या ओळीनं झेललं. सहाही रूपं झाली, कोणी कोणाचं म्हटलं नाही.

शकुंतला दुसऱ्या खेपेला फ्रेंच घेऊन बी.ए. झाली. आमच्या मोहल्ल्यातली दुसरी पदवीधर. पहिली मी. ती पदवी आमच्या अख्ख्या ओळीची आहे.