शेवंता अक्कांचा वॉर्ड

शेवंता अक्का वॉर्डात कोणाचाही हात रिकामा राहू देत नसत. खाटांपेक्षा पेशंट जास्त, सलाईनचे स्टँड कमी. मग शेजारी उभा असेल त्याच्या हातात बाटली. "हात रिकामा शे ना? मंग धर!" एकदा एक पुढारी वाढदिवसाची केळी वाटायला फोटोग्राफर घेऊन आले. अक्कांनी त्यांच्याही हातात बाटली दिली. ते हसून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तर साक्षात देवी!" अक्का शीर शोधता शोधताच कडाडल्या, "आमले देवी नका म्हना, भाऊ. मानसं द्या."

जळगाव जिल्ह्यातल्या त्या सरकारी दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी हकिगत तीच राहील. मी तिथं नवी नर्स म्हणून लागले, तेव्हा बायकांच्या अख्ख्या वॉर्डाला अक्का आणि मी, एवढ्याच. अक्का धुळ्याकडच्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. पेशंटशी बोलताना मात्र तोच आवाज एकदम खाली यायचा.

यावलकडची वैशाली शिकाऊ म्हणून आमच्याकडे येऊन गेली होती. आईबाप केळीच्या बागेत मजूर. पोरगी पास झाली, पण शिष्यवृत्ती अडकली, शेवटच्या वर्षाची फी राहिली, आणि धुळ्याच्या खासगी कॉलेजनं तिची मूळ कागदपत्रं दाबून ठेवली. कागद नाहीत म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून नोकरी नाही. शिकलेली नर्स केळीचे घड उचलत होती.

हे कळलं तशी अक्का भडकल्या. "पोर शिकेल शे, वॉर्ड रिकामा शे, मंग दोन्हीना मझार आडवं कोन बशेल शे?" एका दिवसापुरता वॉर्ड शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या गळ्यात घालून, वैशालीला आणि मला घेऊन त्यांनी धुळ्याची एस.टी. पकडली.

कॉलेजचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाई, संस्था चालवायला पैसा लागतो."

"अन् दवाखाना चालवाले?" अक्का म्हणाल्या. "उद्या तुमना घरमा कोनी आजारी पडनं, ते सलाईनना जागे फीनी पावती टांगशात का?"

अध्यक्षांनी आम्हाला बाहेर काढलं. अक्का व्हरांड्यातच मांडी घालून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलीला वैशालीची गोष्ट सांगू लागल्या. मुली थांबत गेल्या. त्यातल्या बऱ्याच जणींचे कागदही कॉलेजनं असेच कपाटात दाबून ठेवले होते. दुपारपर्यंत वर्ग रिकामे आणि व्हरांडा भरलेला. कुणीतरी पत्रकाराला फोन केला, तेव्हा कुठं शिपाई वैशालीची फाइल घेऊन आला.

वाटलं, आता ती आमच्याकडे येईल. जागा रिकाम्या होत्याच, पण सरकारला त्या भरायच्या नव्हत्या. कंत्राटावर मिळत होतं त्यात तिच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ताही फिटला नसता. सुरतच्या खासगी इस्पितळानं तिला लगेच बोलावलं. तिला सोडायला स्टँडवर अक्काच गेल्या. "जाय बेटा," म्हणाल्या, "अन् आठे परत वळी पाहू नको." परत येऊन औषधांच्या ट्रॉलीला त्यांनी अशी लाथ मारली, की सगळा वॉर्ड दचकला. "आपन शिकाडानं, अन् पोरींनी परगावले जावानं!"

त्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं सारखं दुखायचं. बीपी मापायला मीच लावलं, तर आकडा इतका वर, की मी पुन्हा एकदा मापून पाहिलं. त्यांनी रजा मागितली. दवाखान्याच्या साहेबांकडून उत्तर आलं, बदली माणूस नाही. दुसऱ्यांदा मागितली, तेच उत्तर. एका दुपारी इंजेक्शन भरता भरता अक्का भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवत होते. तिला सोडून येता आलं नाही. मी पोचले तेव्हा अक्का काही बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. रात्र त्यांनी पाहिली नाही.

शोकसभेत हार, समई, मोठा फोटो. साहेब म्हणाले, "सेवा करता करता त्यांनी देह ठेवला."

मी उभी राहिले. "साहेब, ठेवला नाही. रजा मागितली होती त्यांनी. दोनदा. तुम्ही दिली नाही."

साहेब काय उत्तर देतात ते ऐकायची फार इच्छा होती. पण दारातून एका पेशंटचा नातेवाईक ओरडला, "सिस्टर, चला लवकर!" आणि वॉर्डात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.