धोंडूदादाची बहीण

तानावहिनी गेली त्याला आता महिना होऊन गेला. त्या दुपारी मी पिरंगुटच्या शाळेत पोरांकडून नकाशा भरून घेत होतो. वरून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर गाडी रस्त्यातच थांबवून वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची वहिनी गेली. जेवून उठली आन् बसल्या जागी..." पुढचं त्यानं हातानंच सांगितलं. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, म्हणून मी रडलो नाही. नकाशा तसाच टाकला आणि उलट्या गाडीनं गावाकडं निघालो. आमच्याकडं कुणी गेलं की मास्तरनं चार ओळी लिहायच्या अशी रीतच पडली आहे. इतक्यांवर लिहिलं की आता हात उचलत नाही. पण कोणाकोणावर लिहिलं आणि हिच्यावर नाही, हे माझं मलाच सोसणार नाही.

तानावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. आईबाप त्या धक्क्यानं फार जगले नाहीत. एकुलता भाऊ, रामू, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन कामधंद्याला मुंबईच्या वाटेनं गेला तो गेलाच. ना निरोप, ना खुशाली. नागपंचमीला गावातल्या सासुरवाशिणी नटूनथटून माहेरी निघायच्या, तेव्हा वहिनी नेमका गोठा सारवायला काढायची. कुणी हाक मारली तर शेणानं भरलेले हात दाखवायची. कुणाची कीव तिला खपत नसे. मला मात्र फार वाईट वाटायचं, आणि ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

मग चावडीत रेडिओ आला. बॅटरीवर चालणारा, लाकडी पेटीतला. मी तेव्हा गावच्याच शाळेवर होतो, म्हणून त्याची किल्ली माझ्याकडं. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. त्यात धोंडूदादा नावाचा एक शहाणासुरता कुणबी असे. बियाणं, खत, गुरांचे रोग यांवर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारी, मधूनच कुणाला झापे, कुणाची भांडणं मिटवी. बापय माणसं चावडीत बसत. बाया मागच्या भिंतीला लागून ओट्यावर, पाठमोऱ्या. कुठलाही परका पुरुष बोलायला लागला की सगळ्याजणी पदर पुढं ओढत, मग तो बातम्या देणारा का असेना! पण धोंडूदादाचा आवाज आला की वहिनी डोक्यावरचा पदर खुशाल मागं सारायची. शेजारच्या कोंडाबाईनं एकदा तिला टोकलं, तर म्हणाली, "भावाफुडं कशाला गं पदर?" हळूहळू कोंडाबाईनंही पदर सोडला, मग बाकीच्यांनी. चावडीतले म्हातारे कुरकुरले, पण पाठमोऱ्या बायांना बोलणार काय!

हे खूळ आहे असं आधी मलाही वाटलं. पण घरात बघावं तर त्या खुळावर संसार चालायला लागलेला. दादानं सांगितलं म्हणून अण्णाला भाताची लावणी दोरी धरून ओळीत करायला लावली. अण्णा फुरंगटून म्हणाला, आंबेमोहोर काय शाळेतलं पोर आहे रांगेत उभं करायला? पीक बरं आलं, तेव्हा वहिनीनं आम्हा दोघांकडं असं बघितलं, की माझं माहेर बघा. सासरी काही खुपलं की ती आता गोठ्यात जाऊन रडत नसे, ओट्यावर जाऊन बसे. दादा करडईच्या पेंडीवर बोलत असला तरी तिला बरं वाटायचं.

पुतणीचं, शेवंताचं लग्न ठरलं तेव्हा पंचाईत झाली. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहायला हवा. भावकीनं मानलेला मामा सुचवला, गावातला एक भला माणूस कबूलही झाला. वहिनी ऐकेना. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, पुन्याला जावा. दादाला अक्षत दिऊन या." मी समजावलं की तो नाटकातल्यासारखा बोलणारा माणूस आहे, खरा धोंडूदादा कुणी नाही. "ठाव हाय मला," ती म्हणाली, "मी काय येडी हाय व्हय? तरी बी जावा."

गेलो. विचारत विचारत गाठला. धोतर-मुंडाश्यातला कुणबी सोडाच, चष्मा लावलेला, पँट घातलेला, दम्यानं खोकणारा पेठेतला गृहस्थ निघाला. सकाळी कारकुनी आणि संध्याकाळी धोंडूदादा. अक्षत त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि डोळ्यांना लावली. मग अगदी थकल्या आवाजात म्हणाला, "मास्तर, दर गावात माझी एक बहीण आहे हो. मी कुणाकुणाला पुरू? आणि आलोच, तर तिथं बोलू काय? कागद समोर नसला की मला ती भाषा येत नाही." मला त्याचा राग आला नाही. त्याच्या बायकोनं चहा दिला, तो पिऊन परत आलो.

वहिनीला काय सांगावं, हे गाडीत जुळवत होतो. पण तिचं तोंड बघितल्यावर खोटं बोलवेना, जसं घडलं तसं सांगितलं. ती हसलीच. म्हणाली, "येत न्हाई म्हनला? मग सख्खाच हाय त्यो. रामू तरी कुटं आला?" लग्नात शेवंताच्या पाठीशी पाट मांडून त्यावर मामाचा आहेर ठेवला, टॉवेल-टोपी. वरपक्ष धुसफुसला, मानलेला मामा रुसून मांडवाबाहेर गेला. वहिनीनं कुणाला पाटाशेजारी उभं राहू दिलं नाही. मंगलाष्टकं संपली तेव्हा त्या पाटाकडं बघून ती एकदाच रडली.

दोन वर्षांपूर्वी तो कारकून नोकरीत बदली होऊन दूर कुठं गेला. रेडिओवर धोंडूदादाचं नाव तेच राहिलं, बोलणारा बदलला. आवाज बेतून बेतून सारखा केलेला. चावडीत कुणाला पत्ता लागला नाही. वहिनी दुसऱ्या वाक्याला ओट्यावरून उठली, पदर पुढं ओढला आणि घरी आली. डोक्यावरून न्हाली. देवाला दिवा लावला नाही, गोड शिजवलं नाही, सुतक पाळलं. मला भलतीच काळजी वाटली. मी सांगितलं, वहिनी, तो माणूस जिवंत आहे, बदली झाली आहे फक्त. "त्यो मानूस असंल जित्ता," ती म्हणाली. "जगू दे शंभर वर्सं. माजा दादा गेला." दिल्लीत म्हणे आता चित्र दिसणारा रेडिओ निघाला आहे, कधीतरी इकडंही येईल. त्यातल्या माणसांचे चेहरेही लोकांना दिसतील. दिसोत. मला नाही वाटत कुणी जास्त फसेल किंवा कमी फसेल. ज्याला कुणीतरी हवं असतं तो आवाजावरही भागवतो. शहाणी माणसं हसतात, हसू देत. माझं हसणं मागंच संपलं.

त्यानंतर वहिनी ओट्यावर गेली नाही. बाकीच्याजणी जात राहिल्या, येताना तिच्या दारात टेकत, आज काय बोलला ते सांगत. ती ऐकून घेई.

मी गावात पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि सगळं अडून बसलं होतं. अण्णा हयात, म्हणजे वहिनी सवाष्ण गेली. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते अंगावर घातल्याशिवाय उचलायचं नाही. माहेरचं कोण येणार? मी म्हणालो, मी पौडला जाऊन आणतो. भावकीतला म्हातारा म्हणाला, मास्तर, तू सासरचा, तुझं कसं चालंल? अण्णा भिंतीला टेकून नुसता बसला होता. शेवंता आईच्या उशाशी. मला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. जन्मभर जे झाकून ठेवलं, ते तिला शेवटी चार माणसांत उघडं पाडणार असं वाटलं.

तेवढ्यात कोंडाबाई दारात आली, मागं ओट्यावरच्या सगळ्याजणी. तिच्या हातात घडी न मोडलेलं हिरवं लुगडं होतं, होणाऱ्या सुनेसाठी घेऊन ठेवलेलं. म्हातारा आडवा आला. "तू कोन हिची?"

"भन," कोंडाबाई म्हणाली. "आमा समद्यींचा एकच भाऊ हुता. चावडीत बोलायचा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, मग मागच्या बायांकडं. तो दारातून बाजूला झाला. बायांनी वहिनीला ते लुगडं नेसवलं. मग माहेरच्या बायांनी बसायची जागा असते तिथं, पायथ्याशी, सगळ्याजणी ओळीनं बसल्या. डोक्यावरचे पदर मागं सारले आणि मोठ्यानं रडायला लागल्या.